गोदामातून जहाज बाहेर कसं काढलं

भिवंडीजवळच्या वळ गावात, एका गोदामात आमचं ऑफिस सुरू झालं तेव्हा गावातली माणसं शटरपाशी येऊन एकच प्रश्न विचारत: हे जहाज बाहेर कसं काढणार? प्रश्न रास्त होता. शटर बारा फुटांचं आणि आतलं जहाज चोवीस फूट रुंद, पंच्याऐंशी फूट लांब. ते फरशीवर खडूने काढलेलं चित्र आहे, खरं जहाज नाही, हे मी पहिले काही दिवस समजावून सांगायचे. "ते दिसतंय ना," एक म्हातारे म्हणाले, "पन काढनार कसं?" त्यानंतर मी समजावणं सोडलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, तेवीस वर्षांची, भिवंडीत निजामपुऱ्यात राहणारी मुलगी. वडील कारकून. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना कापड विणणारे लूम होते आणि शुक्रवार सोडला तर ते रात्रंदिवस चालत. घर इतकं थरथरायचं की बशीतला चहा कधी स्वस्थ बसला नाही. सरळ रेघ मारायची तर शुक्रवारच्या सुट्टीची वाट बघावी लागे, त्यामुळे माझा अख्खा कोर्स मी शुक्रवारी केला आहे. त्यात मी शिकले ते जिने, संडास आणि सेप्टिक टँक. मुलाखतीला साहेबांनी विचारलं, "वळणदार रेषा जमते का?" मी म्हटलं, "कमोड काढलाय." साहेब हसले नाहीत. नोकरी मात्र दिली.

साहेब आधी बोटीवर इंजिनिअर होते. आता दूर कोकणातल्या एका यार्डाला ते जहाजांचे साचे पुरवायचे. धंदा असा की यार्डात पत्रा कापण्याआधी ते जहाज पूर्ण मापात जमिनीवर काढून बघायचं. कागदावर सुरेख दिसणारी रेषा खऱ्या मापात कुठेतरी पोट काढतेच. ती तिथं दुरुस्त करायची, मग तिच्यावरून प्लायवुडचे साचे कापून पाठवायचे. याला सगळ्यात आधी लागते ती सलग, सपाट फरशी. मुंबईत एवढी फरशी फक्त लग्नाच्या हॉलला असते. भिवंडीच्या बाहेर, वळ गावात, गोदामं स्वस्त होती, शिवाय इथे जकात लागत नाही असं साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं. खडूच्या जहाजावर जकात कोण घेणार, हे मी विचारलं नाही. नवीन होते.

त्या फरशीचे राजे म्हणजे मिस्त्री. साठी ओलांडलेले, जवळच्या अंजूर गावचे, उभं आयुष्य मुंबईच्या गोदीत जमिनीवर जहाजं काढण्यात गेलेलं. त्यांच्याकडे सागाची एक सोळा फुटी पट्टी होती, करंगळीएवढी जाड आणि वेतासारखी लवणारी. ती फरशीवर हवी तशी वाकवायची आणि हलू नये म्हणून दोन्ही अंगांना वजनं ठेवायची. वजनं म्हणजे भंगारातून आणलेली लूमची लोखंडी वजनं, कारण भिवंडीत दुसरं काय मिळणार? मग मिस्त्री पालथे पडत, गाल फरशीला टेकवत, एक डोळा मिटून पट्टीकडे बघत राहत. "हितं दुखतंय तिला," म्हणत. एक वजन सूतभर सरकवत. "आता बरी हाय." मला काही म्हणजे काही दिसायचं नाही. आठ महिन्यांनी एके दुपारी रेषा कुठे दुखते ते मला दिसलं, आणि तेव्हा झाला तेवढा आनंद मला माझं लग्न ठरलं तेव्हाही झाला नाही.

गोदीने जहाजं काढायची आपली जमीन मोडली तेव्हा मिस्त्री दोन वर्षं घरी बसून होते. सुना चांगल्या होत्या, पण घरी बसलेला माणूस दारातल्या चपलांसारखा होतो, जो येईल तो बाजूला सरकवतो, असं ते म्हणायचे. मग ही फरशी मिळाली. "ही गेली तर या वयात मला कोन जमीन देनार, बाय?" ते शेतकऱ्यासारखं विचारायचे. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. जमिनीवर जहाज काढणारी दुसरी जागा आमच्या माहितीत उरली नव्हती.

तर जहाज. बंदरात मोठ्या बोटींना ओढून आणणारी एक टग बनवायची होती. पहिल्या दिवशी मधली रेषा, म्हणजे जहाजाचा कणा, मिस्त्रींनी गेरूत भिजवलेल्या दोरीने मारली, तिच्यावर हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. खरं तर काम अर्ध्या जहाजावर भागतं, कारण डावं-उजवं सारखंच. पण मिस्त्रींनी दोन्ही बाजू काढल्या. "अर्ध्या जहाजाला नारळ फोडायचा म्हंजे नवरदेवाशिवाय हळद लावल्यासारखं," ते म्हणाले. चुकलं असेल तर ते इथेच चुकलं.

कारण गोदाम आमचं एकट्याचं नव्हतं. भाडं निघावं म्हणून साहेबांनी पलीकडची भिंत कापडाच्या एका व्यापाऱ्याला दिली होती. शटरपासून त्या भिंतीपर्यंत हमाल डोक्यावर गाठी घेऊन जायचे, आणि मध्ये आडवं जहाज. हमालांचा मुकादम आझमगढचा, दाढी पांढरी झालेला, शांत माणूस. त्याने नारळ बघितला, हळदकुंकू बघितलं, आणि चपला काढून बाजूला उभा राहिला. "इसके ऊपर से नहीं जाएँगे," तो आपल्या माणसांना म्हणाला, "किसी का जहाज है." झालं. दुसऱ्या दिवसापासून एकूण एक हमाल गाठ डोक्यावर घेऊन जहाजाच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, वळसा घालून जाऊ लागला आणि मागच्या टोकाकडून परत येऊ लागला. ट्रक खाली व्हायला दुप्पट वेळ. व्यापारी येऊन ओरडला, साहेबांनी सगळ्यांना समजावलं की ही नुसती रेघ आहे, आणि समजावता समजावता ते स्वतः रेघेला वळसा घालून आपल्या खुर्चीकडे गेले. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

तोड मिस्त्रींनी काढली. त्यांनी खडू घेतला आणि जहाजाच्या मधोमध, दोन्ही अंगांना एकेक फळी काढली. बोटीवर चढायला असते तशी, पाच फूट लांब, तीन फूट रुंद. "एकीवरनं चढा, दुसरीवरनं उतरा." मुकादमाने फळी नीट बघितली, पायाने चाचपली, आणि मान हलवली. मग हमाल जहाजावरून जाऊ लागले. चढताना गुडघ्यात थोडे वाकायचे, उतरताना जपून. खोटं नाही सांगत. मी पहिल्या दिवशी तोंडाला ओढणी लावून हसले. महिन्याभराने माझ्या लक्षात आलं की मिस्त्रींचा चहा घेऊन जाताना मीही फळीवरून चढते आहे, आणि चहा सांडू नये म्हणून पाऊल हलकं टाकते आहे.

असे दिवस सुखात चालले असताना साहेब मुंबईला एका सेमिनारला गेले आणि तिथून एक शब्द घेऊन आले: कॉम्पिटिटिव्ह. कोरियावाले जहाज जमिनीवर काढत नाहीत, कम्प्युटरात काढतात, म्हणून ते पुढे गेले आणि आपण मागे राहिलो. टिकायचं असेल तर स्पर्धेत उतरायला हवं. साहेबांनी हे आम्हाला सांगितलं, मुकादमाला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं. चहावाल्याने विचारलं, म्हणजे चहा कमी करायचा का? साहेब म्हणाले, नाही, लवकर आणायचा. भिंतीवर त्याच शब्दाची इंग्रजीत पाटी लागली. ती वाचता येणारी माणसं गोदामात तीन, आणि त्यातले एक साहेब.

मग कम्प्युटर आला. त्याच्यासाठी कोपऱ्यात काचेची केबिन झाली, तिला एसी लागला, कारण माणसांना घाम चालतो पण कम्प्युटरला चालत नाही. त्याच्याबरोबर मुंबईहून एक तज्ज्ञ आला, माझ्याच वयाचा, टाय लावणारा. धूळ जायला नको म्हणून त्याने फर्मान काढलं की केबिनमध्ये चपला काढून यायचं. मुकादम केबिनच्या दारात आला, आत पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "इसका नारियल हो गया?" मी म्हटलं, नाही. त्याने मान हलवली. बिननारळाच्या यंत्राचं काय खरं, असा त्याचा चेहरा होता. एकूण आता जहाजापाशीही चपला काढायच्या आणि कम्प्युटरपाशीही. आम्ही दिवसभर अनवाणीच असायचो.

साहेबांनी निर्णय जाहीर केला तो असा. हीच टग कम्प्युटरात घालायची. त्याने काढलेली रेखाटनं यार्डाला पाठवायची. यार्डाने ती पास केली तर फरशीचं काम बंद, सगळं गोदाम कापडवाल्याला, मिस्त्री घरी, आणि कम्प्युटरवर मी बसणार. नापास झाली तर कम्प्युटर परत, फरशी चालू. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, गाल पुन्हा फरशीला लावला आणि काम करत राहिले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. खरं सांगायचं तर त्यात थोडी हुरहूर एसीचीही होती.

कम्प्युटरला जहाज कसं द्यायचं? फरशीवर दर दोन फुटांवर आडवी रेघ होती, प्रत्येकीला नंबर. मधल्या रेषेपासून जहाजाची कड किती लांब, ते प्रत्येक नंबरावर मोजायचं, आणि ते आकडे यंत्रात भरायचे. म्हणजे जो कम्प्युटर मिस्त्रींना घरी बसवणार होता, त्याला जहाज मिस्त्रींच्याच फरशीवरून हवं होतं. हे मी तज्ज्ञाला म्हटलं. तो म्हणाला, "डेटा तर कुठून तरी लागतोच ना, मॅडम." मिस्त्री सुट्टीवर होते त्या दिवशी मी टेप धरला, मोजलं, वहीत लिहिलं आणि काचेबाहेरून एकेक आकडा ओरडून सांगितला. त्याने भरले. दोन दिवसांनी प्लॉटरने कागदावर जहाज काढलं.

जहाजाला गालफुगी झाली होती.

बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंना, असा गुबगुबीत फुगवटा. तज्ज्ञ म्हणाला की कम्प्युटर चुकत नाही, त्याअर्थी हा फुगवटा काहीतरी कारणाने आला आहे. साहेबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "हेच ते!" ते म्हणाले. "हे माणसाच्या डोक्यात कधी आलं असतं? लाटेत जहाज डोलणार नाही." संध्याकाळपर्यंत त्याला जपानी पद्धतीचा फुगवटा असं नावही मिळालं. यार्डाला पाठवायच्या पत्रात साहेबांनी त्यावर एक वेगळा परिच्छेद टाईप करून घेतला, माझ्याकडूनच.

टाईप करता करता माझा हात थांबला. फुगवटा एकवीस आणि बावीस नंबरावर होता. मी उठून फरशीपाशी गेले. एकवीस आणि बावीसवर मिस्त्रींची फळी होती. तिथली जहाजाची मूळ कड हमालांच्या पायांनी केव्हाच पुसली गेली होती, आणि मी टेप लावला होता तो फळीच्या बाहेरच्या टोकापर्यंत. मला ती चूक वाटलीच नव्हती. वर्षभर मी त्या फळीवरून चढत-उतरत होते, माझ्या लेखी ती जहाजाचाच भाग होती. हमालांना हसणारी मी, आणि जगातल्या सगळ्यात आधुनिक यंत्राला खडूची फळी मीच खाऊ घातली होती.

जेवणाची सुट्टी होईपर्यंत मी टाईप करत राहिले. मग मिस्त्रींना गाठींच्या मागे नेलं. "काका," मी म्हटलं, "गप्प बसायचं. यार्डवाले हे बघून हसतील आणि परत पाठवतील. कम्प्युटर जाईल, फरशी राहील. आपल्याला काही करायचंच नाही. फक्त गप्प बसायचं." मला वाटलं होतं ते खुश होतील. त्यांनी कागद मागितला. तो जमिनीवर पसरला, पालथे पडले, एक डोळा मिटला. बराच वेळ बघत राहिले.

"किती दुखतंय गो तिला," ते म्हणाले.

"दुखू दे. तुमची नोकरी जाईल, काका."

"आनि यार्डात कुनी न बघता पत्रा कापला तर? आपल्या सायबांनी वाखानलाच ना? तिथं बी एखादा साहेब आसंल." ते उठून बसले. आता त्यांना राग आला होता, आणि तो माझ्यावर होता. "त्याच्यावर मानसं चढनार हाय. माझ्या फरशीवरनं लबाड जहाज जानार न्हाय. फळी मी काढली, मीच पुसनार."

त्यांनी ओलं फडकं घेतलं. आधी पलीकडची फळी पुसली, मग जहाजावरून चालत अलीकडे आले आणि आत उभं राहूनच ही फळी पुसली. पट्टी मागवली. मी वजनं सरकवत गेले. ते पालथे झाले, डोळा मिटला, पायांनी गेलेली कड पुन्हा वळणावर आणली आणि खडूने ती रेषा पुरी केली. दोन्ही बाजूंना एकसारखी, कुठे फट नाही. "लिही," ते म्हणाले. "एकवीस: अकरा फूट दहा इंच. बावीस: अकरा फूट साडेनऊ." मी बाहेर उभी राहून लिहिलं.

मग ते उठले आणि तिथेच थांबले. जहाज चारही बाजूंनी बंद होतं आणि मिस्त्री आत होते. फळी नव्हती. हमाल डोक्यावर गाठी घेऊन शटरपाशी खोळंबले होते, तेही बघत होते. एक पाऊल, खडूच्या एका रेघेवरून, एवढंच करायचं होतं. मिस्त्रींनी पाऊल उचललं आणि परत ठेवलं. मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मुकादम पुढे आला नाही. तो मागे वळला, बाहेर ट्रकपाशी गेला आणि ट्रकवर चढायची त्यांची खरी फळी, लाकडाची, दोन माणसांकडून उचलून आणवली. ती त्यांनी अलगद, रेषेला धक्का न लावता, आतून बाहेर ठेवली. "आइए, मिस्त्रीजी," तो म्हणाला. मिस्त्री फळीवरून उतरले. खाली येऊन त्यांनी वाकून जहाजाच्या कडेला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

मी दोन आकडे बदलले. फुगवटा गेला. साहेब फार हिरमुसले. "जपानी फुगवटा कुठे गेला?" तज्ज्ञ म्हणाला, "सर, कम्प्युटरनेच सुधारला." साहेबांना ते पटलं आणि पत्रातला परिच्छेद मी खोडला. यार्डाचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. उत्तम, निर्दोष रेखाटनं, असं त्यात होतं, आणि साहेबांनी ते फ्रेम करून पाटीशेजारी लावलं. पुढे नव्वदच्या दशकात मी त्याच केबिनमध्ये बसून कितीतरी जहाजं काढली. चांगली काढली. कम्प्युटर वाईट नव्हता. पण प्रत्येक जहाज पाठवायच्या आधी मी कागद जमिनीवर पसरून, पालथी पडून, एक डोळा मिटून बघायचे, आणि हाताखालची पोरं एकमेकांना कोपराने ढोसायची.

मिस्त्री मात्र उत्तरासाठी थांबले नाहीत. आकडे बदलले त्याच संध्याकाळी त्यांनी आपली पट्टी उचलली. मी पण निघाले होते, कारण रेखाटनं भरलेली फ्लॉपी मलाच भिवंडीहून कुरिअरने यार्डाला पाठवायची होती. नाक्यापर्यंत आमचा रस्ता एक, म्हणून एकच रिक्षा; तिथून मी भिवंडीची धरायची आणि त्यांनी अंजूरची. सोळा फुटी पट्टी कोण रिक्षावाला घेणार? दोन गेले, तिसऱ्याने कुरकुरत टपाला बांधून दिली. ती पुढेमागे सारखी डोलत होती.

आत मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. मिस्त्रींनी विचारलं, "जहाज घेतलंस?"

मी पर्स उघडून दाखवली. रुमाल, डबा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती काळी, चौकोनी फ्लॉपी. त्यांनी ती हातात घेतली नाही. गोदामाकडे एकदा मागे वळून बघितलं.

"निघालं म्हनायचं शटरमधनं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "जड हाय का गो?"

"नाही, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि नाका येईपर्यंत हात बाहेर काढून पट्टी धरून ठेवली.